साडीला खिसा नसतो

रविवारी सकाळी कांताबाईंनी आतल्या खोलीचं दार लोटलं, कडी घातली आणि नवऱ्याला स्टुलावर बसवलं. बाहेर चहाची भांडी वाजत होती. स्वतःच्याच घरात चोरासारखी कडी लावायची वेळ त्यांच्यावर आली होती ती शर्टाच्या बटणांपायी.

"आटप लवकर," दशरथराव म्हणाले. "दुर्गी उठलीय."

"उठू द्या. बहीण आहे तुमची, पोलीस नाही."

"पोलीस परवडले."

कांताबाई खालच्या बटणापासून सुरुवात करायच्या आणि वर गळ्यापाशी यायच्या. अर्धं आयुष्य त्यांनी मार्केट यार्डात गाळ्यावर कांदा निवडला होता. सडका कांदा डोळ्यांच्या आधी त्यांच्या बोटांना कळायचा, तिथे शर्टाचं बटण म्हणजे काय. पण हल्ली त्या सावकाश लावायच्या, चेहरा अगदी जवळ नेऊन.

"नीट बघून लाव," दशरथराव वर म्हणाले. "परवा संध्याकाळी एक काज चुकलं होतं. विहारात सगळ्यांसमोर मी वाकडा."

कांताबाईंनी ते काज पुन्हा चाचपून पाहिलं. सकाळी सरळ लावलेली बटणं संध्याकाळपर्यंत वरखाली झालेली त्यांनी स्वतःच कितीदा पाहिली होती. सून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दिवे मारून पाहिलं आणि आजी, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, असं सांगून परत पाठवलं. कांताबाईंचा त्यावर विश्वास बसला नव्हता. आता आपलंही वय झालं, एवढाच अर्थ त्यांनी काढला होता आणि तो कुणाला बोलून दाखवला नव्हता.

दशरथरावांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी गेला. पाण्याच्या खात्यात त्यांनी जन्मभर चावी फिरवली होती. पहाटे अंधारात निघायचं, लांबलचक लोखंडी चावी खड्ड्यात घालायची आणि गल्लोगल्ली पाणी सोडत जायचं. अर्ध्या बिबवेवाडीच्या बादल्या ज्या हाताने भरल्या, तो हात एका सकाळी चहाचा कप धरेना. अर्धांगवायूचा झटका होता. पाय महिन्याभरात सावरला, जीभही सावरली, आणि जीभ सावरली तेव्हा घरातल्यांना थोडा पश्चात्तापही झाला. हात मात्र मागे राहिला.

त्याचं दुःख कांताबाईंना होतंच. पण त्या दुःखाच्या पोटात एक सुख दडलेलं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लग्न झाल्यापासून हा माणूस त्यांच्यासमोर असा कधी बसला नव्हता. पहाटे पाणी सोडायला जायचं, दुपारी झोप, संध्याकाळी विहार. कुणाच्या पोराला वसतिगृहात जागा मिळवून द्यायची, कुणाच्या पेन्शनचा अर्ज लिहायचा, कुणाच्या शोकसभेत बोलायचं. घरी यायचे ते जेवायला, आणि तेव्हाही दारात कुणीतरी 'जयभीम दादा' म्हणत उभं असायचं. आता रोज सकाळी तोच माणूस गुडघ्याला गुडघा लावून बसायचा, मान वर करायचा आणि बटणं होईपर्यंत कुठेही जायचा नाही. आजारपणाने नवरा परत दिला असं कुठली बाई तोंडाने म्हणेल? कांताबाईही म्हणत नव्हत्या. त्या कडी लावत होत्या.

कारण नातीचा नियम होता. मैत्री ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नातेवाइकांत कुणी तिला फिजिओ म्हणायचं, कुणी नर्स. दशरथराव मात्र सगळ्यांना ठणकावून सांगायचे की आमची मैत्री माणसांना परत कामाला लावायची डॉक्टर आहे. आंघोळ, जेवण, केस विंचरणं, कुलूप उघडणं, जे जे आजाराने हातातून काढून घेतलं ते ते परत शिकवायचं. कात्रजपासून धनकवडीपर्यंत ती घरोघर स्कूटरवरून फिरायची. घरात तिने आजोबांसाठी एकच कायदा केला होता. आजोबा स्वतःचं काही करत असतील, तेव्हा बाकीच्यांनी हात खिशात घालायचे. कितीही वेळ लागो, सांडो, लवंडो, हात बाहेर काढायचा नाही.

"माझ्या साडीला खिसा कुठाय?" कांताबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. सगळे हसले होते. कांताबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी ती कायद्यातली पळवाट समजून जपून ठेवली होती.

कॉलरखालचं शेवटचं बटण लागलं. कांताबाईंनी तळव्याने शर्ट सारखा केला आणि आवाज न करता कडी काढली.

दार उघडलं तर समोर दुर्गाबाई. काल रात्रीच त्या लोणी काळभोरहून भावाच्या नातीचा सत्कार पाहायला आल्या होत्या. त्यांनी भावाच्या शर्टाकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

"कडी लावून काय चाललंय या वयात?" त्या म्हणाल्या आणि चहाला निघून गेल्या.

पोह्यांच्या वेळी दुर्गाबाईंनी विषय काढलाच. बुद्धभूषण, म्हणजे कांताबाईंचा मुलगा, पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्याची सगळी शिस्त आता कोड्यावर चालत होती. त्याची बायको शर्मिला पोहे वाढत होती, आणि मैत्रीचा धाकटा भाऊ प्रज्ञेश, हिंजवडीतला, लॅपटॉप आणि पोहे एकदमच खात होता. मैत्री सकाळीच सभागृहावर गेली होती.

"तर आज दादा पोरीला बिल्ला लावनार म्हनं," दुर्गाबाई म्हणाल्या. "पाहुना कशाला हाय मग?"

"पाहुणा फक्त भाषण करतो, आत्या," शर्मिलाने सांगितलं. "त्यांच्या संघटनेत तशी रीतच आहे. ज्याला बरं केलं, त्यानेच पुरस्काराचा बिल्ला लावायचा. दुसऱ्याच्या हाताने लावला तर त्याला अर्थ नाही म्हणतात."

खरं तर बिल्ला लावणार होत्या आंबेगावच्या सरुबाई. भाजलेल्या हाताने परत शिवणयंत्र चालवायला मैत्रीने त्यांना शिकवलं होतं. पण काल संध्याकाळी सरुबाईंची लेक बाळंतपणाला दवाखान्यात दाखल झाली, आणि रात्री जेवताना मैत्रीने विचारलं, "आजोबा, तुम्ही लावाल?" दशरथराव भाताचा घास न थांबवता "लावीन की" म्हणाले. कांताबाईंनी मात्र पुढचा घास परत ताटात ठेवला होता.

"मग लाव बघू दादा," दुर्गाबाईंनी पदराची सेफ्टी पिन काढून ताटाशेजारी ठेवली. "समद्यांम्होरं."

दशरथरावांनी पिनेकडे असं पाहिलं, जणू ती कुण्या उपऱ्या पाहुण्याची आहे. "संध्याकाळचं संध्याकाळी," ते म्हणाले. त्यांनी काठी घेतली, मुलाच्या हातातला पेपर घेतला, गॅलरीत गेले आणि रोजच्यासारखं मागचं दार ओढून घेतलं. ऊन खायला त्यांना एकांत लागायचा.

मागे पिन ताटाशेजारी तशीच राहिली. कांताबाईंना ती बघवेना.

"त्यांना नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"का नाही जमणार?" बुद्धभूषण म्हणाला. "बटणं लावतात की."

"मी लावते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बुद्धभूषणने चष्मा काढला. अधीक्षकाच्या आवाजात तो म्हणाला, "आई, मैत्रीने एवढं सांगून ठेवलंय. घरातला एक माणूस जरी नियम मोडायला लागला, तर—"

"अहो," शर्मिला मध्येच म्हणाली, "दादांची दाढी कोण करतं?"

बुद्धभूषण थांबला. "ती गोष्ट वेगळी. ब्लेडचा प्रश्न आहे."

"ब्लेड नाहीये, मशीन आहे. मैत्रीने मुद्दाम आणून दिलंय."

"आणि तू त्यांची भाकरी कुस्करून ताटात ठेवतेस ते?"

"मी कुस्करत नाही, मोडते. आमटीही मीच घालते, पण ती तर सगळ्यांनाच घालते ना?" शर्मिलाचा चेहरा लाल झाला. महापालिकेच्या शाळेत इतकी वर्षं मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलेलं तिच्या अंगाशी आलं होतं.

प्रज्ञेशने लॅपटॉप हळूच मिटला. "ओके, टेक्निकली मी त्यांच्या बुटाची लेस बांधतो. फक्त वीकेंडला. आणि फोन लावून देतो. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर जयभीम वगैरे... ते पण मीच टाइप करतो."

"म्हंजी?" दुर्गाबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "बटनं ही लावती, दाढी तू करतूस, भाकर ही मोडती, बूट ह्यो बांधतो. मग माझा भाऊ करतो काय?"

प्रज्ञेशने लॅपटॉप परत उघडला.

"श्वास घेत आसंल," दुर्गाबाई म्हणाल्या आणि पोह्यांवर आणखी खोबरं घेतलं.

गंमत अशी की प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच चोरून मदत करतो, बाकीचे नियम पाळतात, तेव्हा एवढ्या तेवढ्याने काय बिघडतंय. कांताबाईंचंही तेच. आता बेरीज झाली तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. आधी त्यांनी एकमेकांना दोष दिला, मग चौघांनी मिळून दुर्गाबाईंना दिला, कारण विषय त्यांनी काढला होता. शेवटी उपायांवर गाडी आली. प्रज्ञेश म्हणाला, पिनेऐवजी मॅग्नेटवाला बॅज मिळतो, मंडईजवळ आज दुकान उघडं असेल. बुद्धभूषण म्हणाला, नको, दादांची प्रकृती अचानक बिघडली असं कळवू. शर्मिला म्हणाली, म्हणजे ती धावत घरी येईल.

बुद्धभूषण सेफ्टी पिन घेऊन गॅलरीच्या दारापाशी गेला आणि दोन मिनिटांत परत आला. "ते म्हणाले, परीक्षेच्या दिवशी शिकवणी लावत नाहीत."

"मीच सांगते तिला," कांताबाई म्हणाल्या. "चूक माझी मोठी."

त्यांनी फोन लावला. मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते आणि मैत्रीचा आवाज इतका हलका होता, की कांताबाईंना ती परकर-पोलक्यातली आठवली.

"आजी, आजोबांना पांढरा शर्ट घाल हं. म्हणजे, घालू दे त्यांना. अगं, सरुबाई येत नाहीत म्हटल्यावर इथले लोक म्हणाले, नात्यातला पेशंट कसा चालेल? मी म्हटलं, चालेल. माझा आजोबा शर्टाची बटणंसुद्धा स्वतः लावतो, घरातलं कुणी बोट लावत नाही. तेव्हा कुठे ऐकलं. तू काय म्हणत होतीस?"

कांताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

फोन ठेवला आणि त्या भगवान बुद्धांच्या तसबिरीखाली जाऊन बसल्या. आपल्या सकाळच्या सुखाची किंमत आज नात मोजणार, शंभर माणसांपुढे. दुसरं काही त्यांच्या मनात येईना.

सभागृह गच्च भरलं होतं. महाराष्ट्रभरचे थेरपिस्ट होते, बहुतेक तरुण मुली, चुडीदारातल्या, साड्यांतल्या. घरची मंडळी दुसऱ्या रांगेत बसली. दशरथराव कडेला, काठी गुडघ्यांत धरून, लग्नात आल्यासारखे इकडेतिकडे पाहत. त्यांचा पांढरा शर्ट सरळ होता. तो सरळ का आहे, हे जाणणारे चार जण मान खाली घालून बसले होते.

नाव पुकारलं गेलं. "घरी जाऊन केलेल्या पुनर्वसनाच्या कामासाठी, मैत्री बुद्धभूषण ओव्हाळ."

मैत्री मोरपंखी साडीत व्यासपीठावर उभी होती. दशरथराव उठले. कांताबाईंचा हात आपोआप त्यांच्या कोपराकडे गेला आणि शर्मिलाने तो मागे ओढला. काठी टेकत ते व्यासपीठाच्या उतारावरून वर गेले. एका मुलीने तबक पुढे केलं. त्यात रुपयाएवढा पितळी बिल्ला, मागे बारीक पिन.

डाव्या हाताने त्यांनी काठी टेबलाला टेकवली. उजव्या हाताने बिल्ला उचलला, तो बोटांतून निसटून खाली पडला. पितळ फरशीवर वाजत टेबलाच्या पायापाशी जाऊन थांबलं.

पाहुणे, कुठलेसे मोठे निवृत्त अधिकारी, लगबगीने वाकले.

"सर, राहू द्या," मैत्री म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "ते घेतील."

पाहुणे अर्धे वाकलेले तसेच राहिले. कांताबाई खुर्चीत पुढे सरकल्या. उठून धावावं असं त्यांना इतकं वाटलं, की त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घट्ट धरले. मदतीला कुणीतरी यावं म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांना नवल वाटलं. एवढं सभागृह, पण जागचं कुणी हललं नव्हतं. पलीकडची मुलगी स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिच्या शेजारणीने ते काखेत घातले होते. साऱ्या रांगांमधून हाताची घडी, खिशात हात, मुठी. एवढे सगळे लोक एका म्हाताऱ्याला मदत न करण्याचा जिवापाड प्रयत्न करत होते.

कांताबाईंनी मग नातीकडे पाहिलं. मैत्रीचा चेहरा हसरा होता. पण ती थोडी तिरकी उभी होती, आणि दुसऱ्या रांगेतून तिचे पाठीमागचे हात दिसत होते. एका हाताने तिने दुसऱ्याचं मनगट असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. पोरीलाही धावावंसं वाटतंय, कांताबाईंना कळलं. रोज, प्रत्येक घरात वाटत असणार, आणि रोज ती अशीच उभी राहत असणार. नात काय काम करते ते इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा दिसलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

दशरथरावांनी टेबलाची कड धरली. गुडघा वाकवला, खाली गेले, चाचपडले. बिल्ला बोटांत आला. वर यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि वर आल्यावर त्यांनी पाहुण्यांकडे 'बसा आता' अशा अर्थाने मान हलवली. मग डाव्या हाताने नातीच्या खांद्यावरचा पदर चिमटीत धरला, उजव्या हाताने पिन उघडली, कापडात घातली, अंगठ्याने दाबली. जराशी तिरकी बसली, पण बसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुद्धभूषण उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि दुर्गाबाई नाक पुसत होत्या. कांताबाई मात्र पदरात हात गुंडाळून तशाच बसल्या. नातीची लाज राखली गेली याचा आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता. आणि त्याच पोटात काहीतरी खचलंही होतं. जो हात एवढी बारीक पिन लावतो, त्याला शर्टाचं बटण जड नाही. मग संध्याकाळी वाकडी व्हायची ती बटणं. ओढून घेतलेलं गॅलरीचं दार. दवाखान्यातले दिवे.

परतीच्या वाटेवर गाडी स्वारगेटच्या गर्दीत अडकली. प्रज्ञेश चालवत होता. मैत्री मैत्रिणींसोबत मागून येणार होती.

"कधीपासून?" कांताबाईंनी विचारलं.

"कशाचं?" दशरथराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

"तुम्हाला माहितीय कशाचं."

"धम्मचक्र दिनाच्या आधीपासून. आधी काढायला जमलं. मग लावायला. दुपारी गॅलरीत सगळी काढायची आणि परत लावायची. पहिली पहिली चुकायची."

"माझे डोळे तपासून आणले मी."

"त्याची लाज वाटली मला," दशरथराव म्हणाले. हा माणूस असं सरळ कबूल करतो हे ऐकून पुढे बसलेल्या बुद्धभूषणने मान वळवायचं कष्टाने टाळलं. "सांगणार होतो. चारदा ओठांवर आलं."

"मग?"

"मग तू सकाळचं बंद केलं असतंस."

सिग्नल हिरवा झाला तरी प्रज्ञेश निघाला नाही, तेव्हा मागून हॉर्न वाजायला लागले.

"जन्मभर मी तुला घरी वेळ दिला नाही, कांता," दशरथराव हळू म्हणाले. "आता देतो तर तुझी नात म्हणते, स्वतःचं स्वतः करा."

"गाडी चालव की रं," डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलेल्या दुर्गाबाई प्रज्ञेशला म्हणाल्या. "ऐकत काय बसलास?"

रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी मैत्रीसमोर कबुलीजबाब दिले. कांताबाई सगळ्यांत आधी बोलल्या, मग भाकरी, दाढी, लेस असं सगळं बाहेर आलं. मैत्री ऐकत राहिली. पदरावरचा बिल्ला तिने अजून काढला नव्हता.

"पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही," ती शेवटी म्हणाली. हसायचा प्रयत्न करत होती, पण जमत नव्हतं. "बाहेर मला बिल्ला, आणि घरात माझ्या पाठीमागे चार जणांची टोळी. मी आज त्या लोकांना छातीठोक सांगितलं, आजी. आजोबांनी चोरून सराव केला नसता, तर मी तिथे खोटी पडले असते."

"होय," कांताबाई म्हणाल्या. "पडली असतीस. माझ्यामुळे."

मैत्रीने ताट बाजूला सारलं. "उद्यापासून कुणी काही करायचं नाही. दाढी नाही, भाकरी नाही. आणि बटणाला तर कुणीही हात लावायचा नाही. आजी, तूसुद्धा."

"नाही लावणार," कांताबाईंनी शब्द दिला. सभागृहातली ती पांढरी पडलेली बोटं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती, म्हणून तो त्यांनी मनापासून दिला.

सोमवारी सकाळी खोलीचं दार उघडंच होतं. दशरथराव स्टुलावर बसले, सवयीने. कांताबाई समोर पलंगावर बसल्या, त्याही सवयीने, पण दोन्ही हात पदरात गुंडाळून.

दशरथरावांनी खालचं बटण धरलं. काज शोधलं, बटण निसटलं, परत धरलं. कांताबाईंची बोटं पदराच्या आत वळवळत होती. एक लागलं. मग दुसरं. ते वर येत गेले आणि कांताबाई पाहत राहिल्या. सुंदर लावत होते, त्यांना कबूल करावं लागलं. गाळ्यावरच्या नव्या पोराने पहिल्यांदा पोतं शिवावं तशी धांदल होती, पण लावत होते.

कॉलरखालच्या शेवटच्या बटणापाशी हात थांबला. दशरथरावांनी मान वर केली.

"हे एक जमत नाही," ते म्हणाले.

ते बटण पुण्याच्या उकाड्यात त्यांनी कधी लावलेलं नव्हतं. विहारातल्या सभेलाही नाही, स्वतःच्या निवृत्तीच्या सत्कारालाही नाही. कांताबाईंनीच ते त्यांच्या आजारपणात सुरू केलं होतं, एक जास्तीचं.

"कालची पिन बरी जमली," कांताबाई म्हणाल्या.

"पिन वेगळी."

"खोटं बोलताय."

"होय," दशरथराव म्हणाले आणि मान तशीच वर धरून बसले.

कांताबाईंनी पदर सोडला. पुढे वाकल्या, गुडघ्याला गुडघा लागला, आणि घाई न करता त्यांनी ते बटण हातात घेतलं.

दारात मैत्री उभी होती, खांद्याला बॅग, हातात स्कूटरची किल्ली, अंगात कामाचा खिसेवाला कुडता. बोलण्यासाठी तिने तोंड उघडलं. आजीची बोटं कॉलरखाली सावकाश फिरत होती, आणि आजोबांनी डोळे मिटले होते. मैत्रीने तोंड बंद केलं. किल्ली खिशात टाकली, पाठोपाठ दोन्ही हातही खिशात घातले, आणि आजीचं काम होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.